मदत हवी आहे : मागच्या खोलीच्या बाथरूमसाठी गीझर आणि शॉवर

नमस्कार मंडळी. कळंब्याला घरामागे आई-आबांसाठी एक खोली आणि बाथरूम बांधलंय. फरशी झाली, गीझर-शॉवर ठरत नाही.

पाण्याची टाकी खोलीच्याच स्लॅबवर आहे. टाकीचा तळ शॉवरच्या जेमतेम 5 फूट वर, म्हणजे दाब साधारण 0.15 बार. बोअरचं पाणी जड आहे, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. शॉवरखाली 15 लिटरची बादली ठेवली तर भरायला साडेचार मिनिटं लागली. शॉवरची चकती काढल्यावर दीड मिनिटात भरली. चकती व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून झाली, फरक नाही.

गॅस गीझर नकोच. बाथरूमला एकच छोटी खिडकी, आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती. सोलर मोठ्या घरावर आहे, पण पाइप लांब पडतो, गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली वाया जाते. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. घरातला 3 लिटरचा इन्स्टंट लावून पाहिला, थंडीत शॉवर लगेच कोमट झाला. आईचे गुडघे दुखतात, तिला खाली वाकून बादलीतून पाणी घेणं जमत नाही, म्हणून शॉवर हवाच.

16 अँपिअरचा पॉइंट तयार आहे. 25 लिटरचा स्टोरेज घ्यायचं मनात आहे. 60 अंशांचं पाणी थंडात मिसळून 50 लिटर तरी मिळेल.

आता नेमकं विचारायचंय ते असं : एवढ्या कमी दाबाला मोठ्या भोकांचा शॉवर पुरेल, की प्रेशर पंप लागेलच? आणि जड पाण्यात कुणाचा स्टोरेज गीझर चार-पाच वर्षं टिकलाय, टाकी आतून कसली होती?