कोनाचे तीन भाग: माझी सिद्धता तपासणारं कोणी भेटेल का?

मळ्यातला (यावल तालुका)

राम राम मंडळी. वय २९, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडली, घरी चार एकर केळी. सव्वातीन वर्षं एकाच गोष्टीमागे आहे: फक्त पट्टी (खुणा नसलेली) आणि कंपास घेऊन कुठल्याही कोनाचे सारखे तीन भाग करायचे. शाळेत कोन दुभागायला शिकवला तेव्हा मी विचारलं होतं, "सर, तीन कसे?" सर म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही." तेव्हापासून डोक्यात बसलंय.

मळ्यात पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहतो. २२ वह्या भरल्यात. ६० अंशाच्या कोनावर माझी रचना कोनमापकाला बरोबर २० दाखवते. सात प्राध्यापकांना मेल केली, एकाचंही उत्तर नाही.

आता आलोच आहे तर सगळंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात बागेत करपा आला. मी बागेतच राहतो, पानं पिवळी पडलेली मला आधी दिसायला हवी होती. दिसली नाहीत. कापणीच्या दिवशी माणसं कमी पडली, वडील दार वाजवत होते, मी आतून "पाच मिनिटं" म्हणालो. बाहेर आलो तेव्हा ट्रक भरून गेलेला. आई ताट खिडकीत ठेवून जाते. दुकानात गेलो तर चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. सिद्धता मान्य झाली की हे सगळं आपोआप सुधारेल, असं वाटतं. रामानुजनला तरी कोणी शिकवलं होतं?

भुसावळवाला

भो, आधी आईच्या हातचं खिडकीतून नको, चुलीपाशी बसून जेव. मग कोन.

निवृत्त मास्तर, अमळनेर

बाळा, वाईट बातमी लगेच सांगतो. हे होत नाही. "अजून जमलं नाही" असं नव्हे, होऊच शकत नाही, आणि ते १८३७ मध्ये पिएर वेंट्झेल या फ्रेंच गणित्याने सिद्ध केलंय. पट्टी-कंपासने बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि वर्गमुळं, एवढंच काढता येतं. ६० चा तिसरा भाग काढायचा तर २० अंशाची कोसाइन हवी. तिला क म्हण, की ८क³ − ६क − १ = ० हे समीकरण येतं. घनसमीकरण आहे, परिमेय मूळ नाही, म्हणून नुसत्या वर्गमुळांनी सुटत नाही. ९० चे तीन भाग होतात, कारण ३० अंश काढता येतात. पण कुठल्याही कोनाला चालेल अशी रीत नाही. कोनमापकाला पाव अंशाची चूक दिसत नाही. तुझ्या रचनेतल्या लांब्या घे आणि सहा दशांशांपर्यंत आकडेमोड कर.

प्राध्यापक गप्प का, तेही सांगतो. अशा सिद्धता इतक्या येत की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच त्या तपासायच्या नाहीत असं ठरवून टाकलं. वेंट्झेलच्या ६२ वर्षं आधी!

रामानुजनचं म्हणशील, तर मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तो कारकून होता तेव्हा तिथले वरिष्ठ नारायण अय्यर संध्याकाळी त्याच्याबरोबर पाटी घेऊन बसत. आणि केंब्रिजचा गणिती हार्डी याला १९१३ मध्ये पाठवलेल्या पत्रात मूळसंख्यांबद्दलचा त्याचा दावा चुकीचाच होता. ते त्याला सांगायला हार्डी होता.

"अभ्यासक्रमात नाही" हे मीही नोकरीभर पोरांना म्हणत आलो. त्या दिवशी कोणी वेंट्झेलचं नाव घेतलं असतं, तर तुझी तीन वर्षं वाचली असती. हे आमच्याकडून झालं.

मुक्ताईनगरची

आमच्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. एवढा मोठा योगी, चौदाशे वर्षं जगला म्हणतात, पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं तर मायना काय घालावा तेच सुचेना. वयाने लहान, अधिकाराने मोठे. शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताबाई हसली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला म्हणाली. पुढे तीच त्याची गुरू झाली, त्या लहान पोरीपुढे तो बसला. दादा, तुमच्या २२ वह्या कोऱ्या नाहीत, पण मायना तुम्हालाही सुचत नाहीये. (गुरू म्हटलं म्हणून कुठल्या बुवाकडे जाऊ नका मात्र. आणि झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.)

मळ्यातला

मास्तर, आकडेमोड केली. १९.९ च्या पुढे जातो, २० ला टेकत नाही. रात्रभर जागा होतो.

सकाळी वडिलांना सांगितलं, हे होत नाही असं एका फ्रेंच माणसाने १८३७ सालीच दाखवून ठेवलंय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग आता ठिबकच्या नळ्या धुवाले ये."

दुपारपर्यंत धुतल्या. मास्तर, कागदाला घड्या घालून तीन भाग होतात असं कुठेसं वाचलंय. ते खरं का?

निवृत्त मास्तर, अमळनेर

खरं आहे. रविवारी ये, घरी दाखवतो. येताना वडिलांनाही आण.