हेडचे बोल्ट कोरडे आवळावेत की तेल लावून?

प्रश्न (डाळिंबवाला, सांगोला)
नमस्कार. फवारणीच्या पंपाचे एक सिलिंडरचे पेट्रोल इंजिन रिंगा बदलण्यासाठी खोलले आहे. हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, एम ८ मापाचे (८ मिलिमीटर जाडीचे) चार बोल्ट असून माहितीपुस्तिकेत २४ न्यूटन-मीटर टॉर्क दिला आहे. तेलाचा मात्र उल्लेख नाही. एक मिस्त्री म्हणतात तेल लावा, दुसरे म्हणतात मुळीच लावू नका. काय करावे?

उत्तर (लेथकाम, सोलापूर)
उल्लेख नसेल तर आटे स्वच्छ व कोरडे ठेवावेत. टॉर्क पाना बोल्टमधला ताण मोजत नाही, तो फिरवायला लागणारा जोर मोजतो, आणि त्यातला ढोबळमानाने नव्वद टक्के जोर आट्यांच्या व डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होतो. तेलाने घर्षण घटले की त्याच २४ वर बोल्ट जास्त ताणला जातो आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे उपटून येऊ शकतात. उलट आट्यांत कार्बन किंवा गंज असेल तर पाना ठरवलेला जोर आला म्हणून 'टक' करतो, पण हेड नीट दाबलेलेच नसते.

बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासावेत. भोकांत सरळ नवा टॅप (आटे पाडायचे हत्यार) घालू नये, कारण तो चांगल्या आट्यांचेही धातू कापतो. त्याऐवजी त्याच मापाच्या जुन्या बोल्टला करवतीने दोन-तीन उभ्या खाचा पाडून तो हाताने फिरवावा. मळ खाचांत गोळा होतो. नंतर कॉम्प्रेसरच्या हवेने भोके फुंकावीत, चष्मा लावूनच. बंद भोकाच्या तळाशी तेल किंवा रॉकेल राहिले तर आवळताना त्याला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आमच्याकडे येणारे असे ब्लॉक बहुधा घाईचेच बळी असतात.

उत्तर (पंपदुरुस्ती, मोहोळ)
वरील मताशी सहमत आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट बोटांनी तळापर्यंत बसवून, समोरासमोरच्या क्रमाने आधी १०, मग १८ आणि शेवटी २४ असे आवळावे. 'टक' झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा ओढू नये. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टचा टॉर्क वेगळा असतो आणि तिथे पुष्कळदा तेल लावायलाच सांगितलेले असते. माहितीपुस्तिकेतले ते पान स्वतंत्र पाहावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. साफ केल्यावर तीन बोल्ट बोटांनी गेले. चौथा नुसताच फिरतो, धरत नाही.

उत्तर (लेथकाम, सोलापूर)
त्या भोकाचे आटे गेले आहेत. जाडा बोल्ट ठोकू नका; अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चांगल्या लेथवाल्याकडून हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. त्याचे वरचे टोक गास्केटच्या पृष्ठभागापासून पाव ते अर्धा आटा खाली राहिले आहे ना, हे ब्लॉक ताब्यात घेण्यापूर्वी तिथेच पाहून घ्या.