मदत हवी आहे : बर्गर किंग चालवणाऱ्या कंपनीचा ताळेबंद कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतला थोडा भाग रेस्टॉरंट ब्रँड्स एशियाच्या शेअरमध्ये घालावा का, याचा अभ्यास करतेय. डिसेंबर 2020 मध्ये 60 रुपयांना आयपीओ आणणारी, तेव्हाची बर्गर किंग इंडिया ती हीच.

अडले आहे भाड्यापाशी. इंड एएस 116 (भाडेकरारांचा हिशेब कसा मांडायचा ते सांगणारं लेखा मानक) लागू झाल्यापासून दुकानांचं बरंचसं भाडं घसारा आणि व्याजात जातं, त्यामुळे एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) फुगलेला दिसतो. भाडं वजा करून खरा आकडा कसा काढता? वार्षिक अहवालात नेमकं कुठे बघायचं?

दुसरं, ट्रेडमार्क. बर्गर किंग हे नाव मूळ अमेरिकन कंपनीचं, इथली कंपनी रॉयल्टी भरते. पुण्यातल्या त्याच नावाच्या जुन्या हॉटेलावर त्या अमेरिकन कंपनीने 2011 साली केलेला दावा ऑगस्ट 2024 मध्ये जिल्हा न्यायालयाने फेटाळला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. (पुणेकर म्हणून मला ते हॉटेल जवळचं, हे सांगायलाच हवं.) अशा खटल्याची जोखीम गुंतवणूकदाराने किती धरावी?

तुलनेला मॅकडोनाल्ड्सवाली वेस्टलाइफ घेतलीय. डॉमिनोजवाली ज्युबिलंट घ्यावी का? घरपोच पिझ्झ्याचं गणित मला वेगळंच वाटतं. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.