पाच ते सात वयाच्या मुलांचं नाट्यशिबिर: गोष्टीत कसं गुंतवायचं?

धरमपेठची ताई: सुटीत सकाळी साडेसात ते नऊ शिबिर घेतेय, पुढे ऊन उभं राहू देत नाही. गोष्ट सुरू झाली की अर्धी मुलं धावत सुटतात. पालकांना मात्र शेवटी स्टेजवर नाटक हवंय. काय करू?

इतवारीवाला: ताई, या वयात संवाद पाठ करून घेऊच नका. पोट्टे धावून राहिले तर गोष्टीतच धावू द्या. मी तान्ह्या पोळ्याची, म्हणजे आपल्या नागपुरात पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाची, गोष्ट घेतो: लाकडी बैल जिवंत होतो नि सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत हरवतो. अर्धे बैल, अर्धे गर्दी. डफ थांबला की सगळे पुतळे! मग एकेका बैलाला विचारायचं, "आता कोणाकडे जाशील?" उत्तर येईल तशी गोष्ट वळवायची. एक लाजरी पोरगी म्हणाली, "मारबतीकडे. ती माझी भीती घेऊन जाईल." मारबत म्हणजे "इडा-पीडा घेऊन जा" म्हणत मिरवणुकीत नेतात तो पुतळा. आम्ही मग मारबतच काढली, साऱ्यांनी आपापली भीती ओरडून सांगितली.

बालवाडीची बाई: मुखवटे नकोत, काही मुलं घाबरतात. ओढण्या द्या, त्यांची नदी होते, शेपूट होते.

इतवारीवाला: आणि शेवटच्या दिवशी पालकांनाच गर्दी करा, स्टेज लागतच नाही.

धरमपेठची ताई: डफ शेजारच्या काकांकडे आहे, उद्याच आणते.