मदत हवी आहे : लेस्टरमधल्या मित्राची दारू सोडवायची आहे, तिथे उपचार कुठे आणि कसे मिळतील?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबेल थोडं, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी, त्यातही लेस्टर, नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅमकडच्या लोकांनी आणि कुणी डॉक्टर, नर्स असाल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मित्र ४१ वर्षांचा आहे, नाव देत नाही. सांगलीला इंजिनियरिंगला चार वर्षं आम्ही एका खोलीत होतो. माझे वडील गेले तेव्हा हा पठ्ठ्या मुंबईहून रातोरात एसटीने उभ्याउभ्या आला होता आणि तेरावं होईपर्यंत माझ्या आईजवळ बसून होता, असा माणूस. २०२२ पासून लेस्टरला आहे, आयटीत, वर्क व्हिसावर. आधी वीकेंडला प्यायचा, मग रोज संध्याकाळी, आणि आता सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घेतो, घेतली की थरथर थांबते. बायको दोन महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन कोल्हापूरला माहेरी आली. तिला मी अजिबात दोष देत नाही, तिने खूप केलं. मिरजेला त्याच्या आईला अजून काहीच माहीत नाही, कामाचा ताण आहे एवढंच सांगितलंय.

मे महिन्यात ऑफिसच्या कामाला बर्मिंगहॅमला गेलो होतो, तेव्हा शुक्रवार ते मंगळवार त्याच्याकडे राहिलो. त्याने चहा केला आणि कप दोन्ही हातांनी धरून तोंडापर्यंत आणला, तरी बशीत सांडलाच. माझ्याकडे बघत पण नव्हता. बाटल्या कुठे कुठे सापडल्या म्हणून सांगू, बॉयलरच्या मागे, मुलीच्या जुन्या स्कूलबॅगेत, तांदळाच्या डब्यात. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या सिंकमध्ये ओतल्या, तो पण रडला मी पण रडलो, आता बास म्हणाला. सोमवारी दिवसभर घामाने भिजत होता, काही खाल्लं की उलटी. मला वाटलं दारू उतरतेय, होईल बरा. रात्री अकराच्या सुमाराला बाथरूमच्या दारात धाडकन पडला, डोळे पांढरे, दातखिळी बसलेली, सगळं अंग झटके देत होतं. मी ९९९ ला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून धड पत्ता निघत नव्हता.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं ते आयुष्यभर विसरणार नाही. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, साधारण पहिल्या ४८ तासांत, आणि बंद केल्यापासून दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, ताप असं सुरू होऊ शकतं, त्यात माणूस दगावतो सुद्धा. म्हणजे मी प्रेमाने जे केलं त्याने तो गेला असता. हे मला माहीत नव्हतं, इथे किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक, म्हणून मुद्दाम लिहितोय. घरात कुणी असं रोज सकाळपासून पिणारं असेल तर कृपा करून बाटल्या ओतू नका, आधी डॉक्टर गाठा.

दोन दिवसांनी घरी सोडलं, हातात एक पत्रक दिलं आणि जीपीला (तिकडचा फॅमिली डॉक्टर) भेटा म्हणाले. तो भेटला नाही. अकरा दिवस कोरडा राहिला आणि बाराव्या दिवशी मला फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं.

आता गेल्या आठवड्यात त्याने स्वतःहून विचारलं, कुठेतरी भरती कर मला, मला एकट्याला जमणार नाही. वीस वर्षांत त्याने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलंय. म्हणून हा धागा.

मला विचारायचंय ते असं. तिकडे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) दारूसाठी भरती करून घेतात का, की फक्त गोळ्या देऊन घरी पाठवतात? एका खाजगी रिहॅबला (व्यसनमुक्ती केंद्राला) फोन केला होता, चार आठवड्यांचे १४ हजार पौंड सांगितले, ते त्याच्याकडे नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत. उपचार घेतले हे कंपनीला कळतं का, व्हिसावर काही होतं का, ही त्याची सगळ्यात मोठी भीती आहे. आणि त्याला इकडे आणून येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं का? त्याच्या सासऱ्यांचं तेच म्हणणं आहे. तिथे आपल्या भाषेत बोलता येईल हे मलाही पटतं, पण विमानाचं कसं करायचं कळत नाही.

आणखी एक, तिकडे मराठी किंवा निदान हिंदी बोलणारा कुणी समुपदेशक माहीत आहे का? इंग्रजीत तो कामाचं सगळं बोलतो पण रडायला त्याला मराठीच लागते. मराठी मंडळींत जायला तयार नाही, गणपतीला सगळ्यांनी बायको कुठे आहे विचारलं तर काय सांगू म्हणतो.

*

अपडेट, दोन दिवसांनी :

सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतील असं वाटलं नव्हतं. एका ताईंनी, त्या तिकडे बारा वर्षं नर्स आहेत, काल रात्री पाऊण तास फोनवर समजावून सांगितलं. त्यांच्या परवानगीने इथे लिहितोय, उद्या दुसऱ्या कुणाला लागलं तर उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये दारू आणि ड्रग्जची सेवा त्या त्या गावाच्या कौन्सिलतर्फे चालते आणि ती मोफत असते. जीपीची चिठ्ठी असेल तर चांगलंच पण नसली तरी आपण स्वतः फोन करून नाव नोंदवू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. ते आधी असेसमेंट करतात, किती पितो, कधीपासून, फिट आली होती का, लिव्हर कसं आहे, घरी कोण आहे. तिकडे सगळं युनिटमध्ये मोजतात. ४० टक्क्यांची ७० सीएलची बाटली म्हणजे २८ युनिट. आमचा गडी रोज जवळजवळ एक बाटली आणि वर बिअरचे दोन-तीन कॅन, म्हणजे तिशीच्या पुढे गेला. आणि आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका असं तिथलं सरकार सांगतं! ताई म्हणाल्या की रोज ३० च्या वर असेल किंवा आधी विथड्रॉवलची, म्हणजे दारू बंद केल्यामुळे, फिट आलेली असेल तर डिटॉक्स (औषधं देऊन दारू सोडवणं) घरी करण्याऐवजी भरती करून करण्याचा विचार करावा, अशी तिथली गाइडलाइनच आहे. त्याच्या बाबतीत दोन्ही आहे. म्हणून असेसमेंटला फिटचं ठासून सांगा, हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद बरोबर न्या, लाजेपोटी आकडा कमी सांगू नका.

डिटॉक्स म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी आधी जास्त आणि मग रोज कमी कमी करत आठवडा-दहा दिवस देतात, बरोबर थायमिन म्हणजे बी१ व्हिटॅमिन, नाहीतर मेंदूवर परिणाम होतो. ते झालं की शरीर सुटतं, पण पिण्याची ओढ राहतेच, त्याच्यासाठी अकॅम्प्रोसेट किंवा नालट्रेक्सोन आणि काही महिने समुपदेशन, ग्रुप. रिहॅबचे पैसेही काही वेळा कौन्सिल देतं पण त्याला वेळ लागतो आणि आपली तयारी दाखवावी लागते.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे डॉक्टरांच्या हातात जाईपर्यंत त्याने एकदम बंद करायची नाही. काल मीच त्याला फोनवर म्हणालो, अरे सकाळची घे, थांबवू नकोस, फक्त वाढवू नकोस आणि किती घेतलीस ते वहीत लिहून ठेव. हे बोलताना माझ्या पोटात कसं झालं ते मलाच माहीत. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, तू पहिला माणूस आहेस जो मला ओरडला नाही.

नोकरीचं : उपचाराची माहिती तुमच्या परवानगीशिवाय कंपनीला जात नाही. पहिले ७ दिवस आजारपण स्वतःच लिहून देता येतं, त्याच्यापुढे जीपीची फिट नोट, म्हणजे आजारपणाचं सर्टिफिकेट. चार आठवड्यांच्या वर बिनपगारी गैरहजर राहिलं तर कंपनी व्हिसाची स्पॉन्सरशिप काढून घेऊ शकते, पण आजारपणाची रजा त्यात धरत नाहीत. हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. गाडीचं मात्र ऐकवून घ्यावं लागलं, दारूचं अवलंबित्व असेल तर डीव्हीएलएला (लायसन्स देणारं सरकारी खातं) कळवावंच लागतं आणि किमान एक वर्ष त्यातून मुक्त राहिल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. फिटनंतर तर चालवायचीच नसते. चिडला, पण किल्ली शेजारच्या गुजराती काकांकडे दिली.

मुक्तांगणबद्दल ज्यांनी लिहिलंत, तुमचं म्हणणं मला पटतंय. १९८६ पासून त्यांनी किती घरं सावरली ते आपण सगळे जाणतो. पण आत्ता त्याला नऊ-दहा तास विमानात बसवायचं म्हणजे एकतर तो पीत येणार किंवा न पिता येणार, आणि वर फिट आली तर काय? म्हणून आधी तिकडे डिटॉक्स, आणि मग तब्येत बघून महिन्या-दीड महिन्यासाठी इकडे, असं ठरवतोय.

आणि दोघांनी लिहिलंय की त्याच्या नकळत जेवणात घालायचं औषध मिळतं. राग मानू नका पण हात जोडून सांगतो, असं करू नका. त्याच्या सासरहून पण अशी पुडी पाठवायचं चाललं होतं. पुडीत काय असतं कुणालाच माहीत नसतं. आणि डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू पोटात गेली की माणूस बेशुद्ध पडू शकतो, ते औषध त्याला सांगून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. इच्छाशक्ती कमी पडते असंही एकाने लिहिलंय. त्या रात्री बाथरूमच्या दारात मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, तिथे इच्छाशक्तीचा काही संबंध नव्हता हो.

त्याच्या बायकोलाही काल सगळं सांगितलं. नवरा-बायकोचं पुढे काय ते त्यांचं ते बघतील, पण मुलीने रोज रात्री बाबाला फोन करायला तिने होकार दिलाय.

आता एकच मदत हवी आहे. बुधवारी सकाळी १० वाजता त्याची असेसमेंट आहे, लेस्टरमध्येच, बेलग्रेव्ह रोडपासून बसने जाण्यासारखं. तो एकटा घरातून निघेल याची मला खात्री नाही, आणि मी इथे पुण्यात. कुणी साडेनऊला त्याच्या दारात उभं राहून त्याला घेऊन जाऊ शकेल का? आत बसायची गरज नाही, काही विचारायचीही गरज नाही. मराठी बोलणारं कुणी असेल तर फार बरं. मी त्याला विचारलंय, तो हो म्हणालाय. पत्ता व्यनिमध्ये देतो.