कूलर सर्व्हिसिंगचा स्टार्टअप : ग्रुपांवर सांगायचं कसं, की लोक हाकलणार नाहीत?

ताटीवाला_प्रतापनगर
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघांनी मागच्या वर्षी कूलर सर्व्हिसिंगचं काम सुरू केलं. घरी येऊन ताट्या (कूलरच्या बाजूंना लावतात त्या गवताच्या जाळ्या) बदलायच्या, टाकीतला क्षार काढायचा, पंप-मोटर बघायची, अर्थिंग तपासायचं. वेबसाइटवर वेळ निवडता येते आणि भाव आधीच लिहिलेला असतो. पाच मेकॅनिक आहेत. नागपुरातलं प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर, जयताळा, सध्या एवढाच भाग.

जाहिरातीला पैसे नाहीत, म्हणून वाटलं ग्रुपांवर सांगू. एका मोठ्या स्थानिक फेसबुक ग्रुपवर पोस्ट टाकली, वीस मिनिटांत उडाली. मग तीच पोस्ट सहा ग्रुपांवर टाकली. तीन ठिकाणांहून मलाच काढलं. रेडिटवर नवीन खातं उघडून लिहिलं, तर पोस्ट मला दिसते आणि मित्राला दिसत नाही. एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी फक्त "आपण कोण?" एवढंच विचारलं. मला काही उत्तर सुचलं नाही.

आमचा सीझन फेब्रुवारी संपता संपता सुरू होतो. मृग लागला की कूलर गच्चीवर आणि आम्ही घरी. म्हणजे हातात तीन महिने. स्पॅम न वाटता लोकांपर्यंत पोचायचं कसं? कोणी केलं असेल तर सांगा.

बर्डीचा_पंखा
सहा ग्रुपांवर तीच पोस्ट? अरे भाऊ, बर्डीवरचे लोकच खामल्याच्या ग्रुपवरही असतात. एकच आहेर सहा लग्नांत फिरवला तर दिसणार ना!

फुटाळा_किनारी
रेडिटचं सांगतो, मी तिथे बरीच वर्षं पडीक आहे.

पोस्ट तुला दिसते आणि मित्राला नाही, याचा अर्थ ती गाळणीत अडकली. बऱ्याच सबरेडिटवर, म्हणजे रेडिटच्या वेगवेगळ्या ग्रुपांवर, ऑटोमॉडरेटर नावाचा बॉट लावलेला असतो. खातं किती जुनं आणि कर्मा (लोकांच्या मतांवरून मिळालेले गुण) किती, ते बघून तो पोस्ट परस्पर बाजूला टाकतो. लिंक छोटी करून दिली असशील तर आणखीनच. लॉगआउट करून किंवा दुसऱ्या ब्राउझरमधून बघ, लगेच कळेल. अडकली असेल तर परत परत टाकू नको. मॉडरेटरला एक साधा निरोप लिही.

तिथे पूर्वीपासून एक ढोबळ हिशोब सांगतात : दहा वेळा बोललास तर त्यात एकदा स्वतःच्या मालाबद्दल. आता प्रत्येक सबरेडिटचे आपापले नियम असतात, उजव्या बाजूला लिहिलेले असतात, ते वाच. पण दहात एक म्हणजे नऊ वेळा "छान", "सहमत" लिहून कोटा भरायचा असं समजू नको. तुझं खातं उघडून जुने प्रतिसाद वाचायला लोकांना दोन सेकंद लागतात.

नऊ_वाजता_आंघोळ
नवे स्टार्टअप दाखवायच्या हॅकर न्यूज, प्रॉडक्ट हंट वगैरे साइट तुम्ही बघितल्या का? फाइली ऑनलाइन ठेवायच्या ड्रॉपबॉक्सवाल्या ड्र्यू ह्यूस्टननं २००७ मध्ये हॅकर न्यूजवरच आपलं काम दाखवलं होतं. खाली एकानं, हे तर लिनक्सवर स्वतःच जुळवता येतं, म्हणून मोडीत काढलं, तरी यानं शांतपणे उत्तर दिलं. अजून लोक तो धागा काढून वाचतात.

बर्डीचा_पंखा
ते वाचणारे जयताळ्यात राहत नाहीत ना पण. ताटी बदलायला कॅलिफोर्नियातून कोण बोलावणार?

राखणदार_ताई
मी आमच्या भागातला एक ग्रुप सांभाळते, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं काय दिसतं ते सांगते. थोडं लांबेल.

रोज रात्री जेवणं आटोपली की मी अडकलेल्या पोस्ट बघते. स्पॅम ओळखायला मला पोस्ट पूर्ण वाचावी लागत नाही. माणूस परवा ग्रुपमध्ये आला, पहिल्याच पोस्टमध्ये नंबर, "एकदा अवश्य सेवेची संधी द्या", सहा हात जोडलेले, आणि फोटो गूगलवरून घेतलेला. त्यातला एखादा खरंच चांगलं काम करत असेल. पण मला ते कळायला वाटच नसते, म्हणून मी उडवते. माझा राग धंद्यावर नाही हो. ग्रुप धंदेवाल्यांनी भरला की साधी माणसं बोलणं बंद करतात, आणि मग धंदेवाल्यांच्याही काही कामाचा राहत नाही.

तुम्हाला आठवत असेल, मे २०२४ च्या शेवटी नागपुरात ५६ अंश अशी बातमी आली होती. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर नुसता गोंधळ. म्हातारी माणसं घाबरलेली, आणि त्याच धाग्यात तीन जण एसीच्या आणि कूलरच्या लिंका टाकून गेले. तिघांनाही काढलं. त्यातल्या एकानं जरी दुपारी खोली थंड कशी ठेवायची हे चार ओळींत लिहिलं असतं ना, तर मी स्वतः त्याचा नंबर मागितला असता.

तर माझं म्हणणं असं. आधी ॲडमिनला निरोप पाठवा : मी अमुक, माझा हा धंदा आहे, ग्रुपवर प्रश्नांना उत्तरं द्यायची इच्छा आहे, जाहिरातीचा काही नियम किंवा वार आहे का? असं विचारणारे वर्षातून दोन-तीनच येतात, म्हणून लक्षात राहतात. मग नावापुढे किंवा पहिल्या ओळीत धंदा सांगूनच बोला. "मी स्वतः कूलरचं काम करतो" हे आधी आलं की पुढचं सगळं लोक सरळ घेतात. हेच शेवटी कळलं तर आधीचा चांगला सल्लाही खोटा वाटायला लागतो.

आणि कोणी ताटीचा फोटो टाकला, ती अजून एक उन्हाळा काढेल असं दिसलं, तर "बदलू नका" म्हणा. तेवढं एक गिऱ्हाईक जाईल. पण ते उत्तर ग्रुपमधली बाकी सगळी माणसं वाचत असतात.

तुमच्यावर वाईट प्रतिसाद आला तर पोस्ट मात्र पुसू नका. पुसलेली पोस्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

शॉर्टकट_सम्राट
एवढं कशाला लंबं करून राहिले? दोन खाती उघडा. एकावरून विचारा "खामल्यात कूलरवाला कोणी चांगला आहे का?", दुसऱ्यावरून स्वतःचं नाव सांगा. सगळेच करतात. रेडिटच्या संस्थापकांनी स्वतः सुरुवातीला खोट्या खात्यांवरून पोस्ट टाकल्या होत्या, त्यांनीच ते कबूल केलंय.

फुटाळा_किनारी
टाकल्या होत्या, २००५ ची गोष्ट. पण ते स्वतःचं रिकामं घर भरत होते. तू दुसऱ्याच्या भरल्या घरात खोटा पाहुणा घेऊन येतोयस.

राखणदार_ताई
@शॉर्टकट_सम्राट, आम्हाला ते ओळखू येतं हो. विचारणारा नवा, सांगणारा नवा, दोघांमध्ये चार मिनिटं, आणि दोघांच्याही लिहिण्यात "बेस्ट सर्व्हिस". मागच्या उन्हाळ्यात असा एक सापडला, तर लोकांनीच त्याचे स्क्रीनशॉट बाकीच्या ग्रुपांवर फिरवले. नागपूर अजून तेवढंच आहे, कोणाचा तरी साळा कोणाच्या तरी शेजारी राहतो.

हिशेबी_वकील
यात कायद्याचाही भाग आहे. बीआयएसनं (भारतीय मानक ब्युरोनं) नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा त्यासाठी माणसं ठेवून लिहून घेतलेले अभिप्राय त्यात बसत नाहीत. जाहिरात मानक परिषदेनंही २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले : पैशाचा किंवा वस्तूचा संबंध असेल तर तो उघड सांगायचा. पाच मेकॅनिकांच्या धंद्यावर उद्या कोणी नोटीस आणेल असं नाही. पण ओळखीच्या ब्लॉगर पोरीला फुकट सर्व्हिसिंग देऊन लिहून घेणार असाल, तर "मला हे फुकट मिळालं" ही ओळ तिला लिहायला सांगा.

निवृत्त_वायरमन
पोरा, मला तुमचं मार्केटिंग समजत नाही. पण दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. महावितरण दर वर्षी सांगून सांगून थकते. लोखंडी बॉडी, ओला फर्श, अनवाणी पाय आणि दोन पिनांचा प्लग. बटण बंद केलं म्हणून भागत नाही, पाणी भरताना प्लग काढून ठेवा. तीन पिनांचाच प्लग वापरा आणि घरात अर्थ लीकेज ब्रेकर बसवा, करंट गळला की तो वीज आपोआप तोडतो. हे लिही ना ग्रुपवर. यात तुझं दुकान कुठे येते? तरी विचारायला लोक तुझ्याकडेच येतील.

ताटीवाला_प्रतापनगर
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि रोजचं काम तेच आहे! सगळ्यांचं वाचून एक मसुदा केला. बघा बरं :

"उन्हाळा आला! आपला कूलर तयार आहे का? कूलरची काळजी घेण्याचे ५ सोपे उपाय. व्यावसायिक सर्व्हिसिंगसाठी आजच संपर्क करा…"

बर्डीचा_पंखा
बाप्पा! हे तर पेपरात घडी करून टाकतात ते पत्रक आहे.

राखणदार_ताई
तुम्ही बोलता तसं लिहा ना. आईला फोनवर कसं सांगाल?

ताटीवाला_प्रतापनगर
बरं. परत लिहिलं :

"मी प्रतापनगरात कूलर दुरुस्तीचं काम करतो, हे आधीच सांगतो. मागच्या सीझनला ज्या घरी गेलो, त्यातल्या कितीतरी घरी आमची गरजच नव्हती. ताटी वरून कोरडी राहते म्हणून लोक पंप बदलायला बोलावतात. पंप ठीक असतो, वरच्या पाण्याच्या नळीची भोकं क्षारानं बुजलेली असतात. प्लग काढा आणि सुईनं मोकळी करा, दहा मिनिटांचं काम. बोअरच्या पाण्यावर हे दर महिन्याला करावं लागतं.

कूलर लावूनही चिकचिक होत असेल तर समोरची खिडकी उघडा. ओली हवा बाहेर गेली नाही तर कूलर खोली थंड करत नाही, नुसती दमट करतो.

टाकी आठवड्याला रिकामी करा आणि कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कितीतरी महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही.

बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र स्वतः काही करू नका. मेन बंद करा आणि जवळच्या वायरमनला बोलावा. आमचाच पाहिजे असं नाही."

लिंक टाकली नाही. टाकू का?

राखणदार_ताई
नका टाकू. कोणी विचारलं तर त्याच्या प्रतिसादाखाली द्या. माझ्या ग्रुपवर पाठवा, मी स्वतः मंजूर करते.

फुटाळा_किनारी
लिंक देशील तेव्हा साधी दे. मागे लांबलचक ट्रॅकिंगचं शेपूट लावलेली लिंक बघितली की लोक समजून जातात. कुठून आले हे कळायचं असेल तर फोनवर विचार आणि वहीत लिहून ठेव. पाच मेकॅनिकांना वही पुरते.

हडपसरची_नागपूरकर
मी पुण्यात असते, आईबाबा त्रिमूर्तीनगरला. दर मार्चमध्ये माझं आणि भावाचं फोनवर हेच चालतं : ताट्या कोण बदलणार, बाबा स्वतःच स्टुलावर चढणार का! भाऊ, तुमचं गिऱ्हाईक खामल्यात बसलेलं नाही, ते हिंजवडीत आणि बंगळुरात बसलंय. पैसेही तेच देतील. पुण्यात राहणाऱ्या विदर्भातल्या लोकांचे ग्रुप आहेत, तिथे बोला. मराठी साइटही आहेत, मायबोली १९९६ पासून, मिसळपाव २००७ पासून. तिथे बाहेर राहणारी मराठी माणसं भरपूर. पण तिथे आल्या आल्या माल काढलात तर धागा शंभर प्रतिसादांपर्यंत जाईल आणि त्यातले नव्वद तुमची टर उडवणारे असतील. मायबोलीवर जाहिरातींना वेगळा विभाग आहे, जाहिरात तिथे द्या. लिहायचं असेल तर नागपूरच्या उन्हाळ्यावर मनापासून लिहा, वाळ्याच्या ताटीच्या वासावर दोनशे लोक रडतील.

ताटीवाला_प्रतापनगर
ताई, हे तर आम्ही एकदाही धरलं नव्हतं. वेबसाइटवर "पत्ता" आणि "बुक करणाऱ्याचा नंबर" एकच मानलाय! आज रात्रीच वेगळे करतो.

शॉर्टकट_सम्राट
हव, पण अशानं तीन महिन्यांचा सीझन निघून जाईल. माझा भाऊ सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये कागद चिकटवतो, दोन दिवसांत फोन येतात.

राखणदार_ताई
तेही करा की! सेक्रेटरीला विचारून चिकटवा फक्त. यांचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे : ग्रुपवर ओळख व्हायला वेळ लागतो. या वर्षीच्या भाकरीसाठी कागद, पुढच्या वर्षीसाठी ग्रुप.

ताटीवाला_प्रतापनगर
(तीन आठवड्यांनी) धागा वर आणतो, बरेच जण विचारत होते म्हणून.

ताईंच्या ग्रुपवर पोस्ट गेली. वहीत त्या पोस्टवरून आलेले १७ फोन आहेत. त्यातल्या ६ जणांना सुई सांगून फोनवरच मोकळं केलं, ९ घरी गेलो, दोघांचा पत्ता वाडीचा होता, तिकडे आम्ही जात नाही. पुण्या-मुंबईहून आईवडिलांसाठी बुक केलेले ४. लिफ्टच्या कागदावरून २३ फोन आले, म्हणजे सम्राट भाऊ जिंकले. पण कागदावरून आलेले सगळे आधी भाव पाडून मागतात. पोस्टवरून आलेल्यांपैकी एकानंही घासाघीस केली नाही.

एक वाईट प्रतिसादही आला. आमचा पोट्ट्या एका काकूंकडे दीड तास उशिरा पोचला, त्यांनी ग्रुपवरच झापलं. हात शिवशिवत होते, पण पुसलं नाही. तिथेच माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी स्वतः गेलो. काकूंनी प्रतिसाद बदललेला नाही. खाली फक्त "आज वेळेवर आले" एवढं लिहिलं.

रेडिटवर मॉडरेटरनं पोस्ट सोडली. तिथून अजून एकही फोन नाही. राहू दे, एप्रिलमध्ये कोणी गूगल केलं तर सापडेल.

निवृत्त_वायरमन
त्या नऊ घरांत अर्थिंग किती ठिकाणी होतं?

ताटीवाला_प्रतापनगर
पाच ठिकाणी, काका. चार ठिकाणी तिसरी पिन नुसती शोभेला.

गोपालनगर_२२
इथे विचारलं तर चालेल का? आमचा कूलर सुरू केला की खरखर आवाज येतो, पाच मिनिटांनी थांबतो. मोटर गेली का?

ताटीवाला_प्रतापनगर
मोटर गेली असं वाटत नाही. वर्षभर बंद होता ना? बहुतेक बुश कोरडा पडला असेल. प्लग काढून शाफ्टवर मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका आणि पंखा हातानं फिरवून बघा. उद्या परत आवाज आला तर इथेच लिहा.