उत्तर : डच छापील चित्रांतली नगरचिन्हं

स्पेनविरुद्धच्या बंडानंतर डच शहरांनी राजाची आणि कॅथलिक चर्चची चिन्हं फेकून दिली, म्हणून तिथल्या स्वस्त छापील चित्रांत निव्वळ प्रजासत्ताकाचा सिंह दिसतो, असं एकाने म्हटलंय, त्याला हे उत्तर. सिंहाचं ठीक, पण बाकीचं पटलं नाही. ॲम्स्टरडॅमचंच घ्या. लाल ढालीवर उभा काळा पट्टा, त्यात एकाखाली एक तीन पांढऱ्या फुल्या आणि वर चक्क सम्राटाचा मुकुट! तो वापरायची परवानगी पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या मॅक्सिमिलियनने 1489 मध्ये दिली, शहराने केलेल्या पैशाच्या मदतीची परतफेड म्हणून. 1578 मध्ये शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं, तरी मुकुट जागेवरच. उलट 1638 मध्ये पुऱ्या झालेल्या वेस्टरकेर्कच्या मनोऱ्यावर, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चवरच, तो दिमाखात चढला. सम्राटाशी देणंघेणं उरलं नव्हतं, मिरवायला मुकुट मात्र हवा होता.

लायडन या दुसऱ्या डच शहराचं तर याहून गमतीचं. तिथल्या ढालीवर दोन आडव्यातिडव्या किल्ल्या आहेत, संत पीटरच्या, म्हणजे चर्चचंच चिन्ह. स्पेनच्या सैन्याने घातलेल्या 1574 च्या वेढ्यात धातू कमी पडला तेव्हा चर्चच्या पुस्तकांच्या कागदाचे थर चिकटवून नाणी पाडली, असं सांगतात; त्यांच्यावर सिंहही आहे आणि शहराची ढालही.

स्वस्त छपाईला ही चिन्हं सोयीचीही होती, असं आपलं मला वाटतं. लाकडी ठसा झिजला, रंग रेषेबाहेर फासला गेला, तरी तीन फुल्या लगेच ओळखू येतात.